पाच माणसं, दोन तिकिटं

आमच्या घरात पाच माणसं: सासूबाई (वय ७६), नवरा, मी, अकरा वर्षांची थोरली आणि सव्वाचार वर्षांचा धाकटा. राहायला कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. वाहन एकच, दुचाकी, आणि तिच्यावर पाच जण मावत नाहीत. नवरा उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये, मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. या लेखातलं प्रकरण आमचंच आहे. काळ २०२५ च्या दसऱ्यापासून किरणोत्सवापर्यंतचा (मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात ते दिवस), म्हणजे साधारण सहा आठवड्यांचा.

सुरुवात त्याच्या आदल्या वर्षी झाली. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी हट्ट धरला म्हणून हायवेवरच्या एका पार्कात गेलो. भाड्याची गाडी, माणशी तिकीट, बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. सासूबाईंना पाण्यात उतरायचं नव्हतं, पण तिकीट त्यांनाही पूर्ण. दिवसभर त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चपला आणि पिशव्या राखत बसल्या. संध्याकाळी वहीत लिहिलेला आकडा ४,८७० रुपये. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, एवढ्यात माझा वर्षाचा चष्मा, औषधं आणि वर एक लुगडं झालं असतं."

यंदा सहामाही सुरू व्हायच्या आधीच मी वहीचं एक पान वेगळं काढलं. वर लिहिलं २,००० रुपये. दसऱ्यापासून पुढे जे काही फिरणं होईल ते यात बसवायचं. अट एकच, आज्जीला सोडून कुठे जायचं नाही.

हिशेब कुठे अडत होता

जुन्या वहीतला खर्च मी वेगळा करून बघितला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कोल्हापूरच्या आसपास बघण्यासारखं जे आहे त्याला प्रवेशाचे पैसे फारसे लागतच नाहीत. पैसे जातात ते गाडीला आणि पोटाला. पोटाचं सोपं आहे, डबा घ्यायचा. गाडीचं काय करायचं हा खरा प्रश्न होता.

उत्तर एसटीत होतं. इतकी वर्षं स्टँडवरून जाऊन-येऊनही आम्ही पाच जणांचा एकत्र हिशेब कधी मांडलेला नव्हता. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांना बायकांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ओळखपत्र दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. (पासष्ट ते पंच्याहत्तर असाल तर अर्धं.) पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धं, पाचाच्या आतल्याला काहीच नाही. म्हणजे नवऱ्याचं एक, माझं अर्धं, थोरलीचं अर्धं, सासूबाई शून्य, धाकटा शून्य. पाच माणसं आणि दोन तिकिटं.

हे समीकरण टिकाऊ नाही, हेही सांगून ठेवते. धाकटा पाच ओलांडेल तेव्हा त्याचं अर्धं सुरू होईल. थोरली बारा पूर्ण करेल तरी मुलगी म्हणून तिचं अर्धंच राहील. सवलत तिला दोन्हीकडून मिळते, पण एका वेळी एकच. पावकी तिकीट असत नाही. हे तिने स्वतः कंडक्टरला विचारून घेतलं आणि सगळी गाडी हसली.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. इथला शरद तिथीवर चालतो. दसरा, कोजागिरी, दिवाळी, त्रिपुरी, आणि मग किरणोत्सव, तो तेवढा तिथीवर नाही, तारखेवर. या दिवशी शहर स्वतःच काहीतरी दाखवतं आणि त्याला तिकीट नसतं. म्हणून आधी पंचांगातल्या तारखा पानावर लिहिल्या आणि उरलेले रविवार मधे बसवले.

दसरा ते पन्हाळा

२ ऑक्टोबरला दसरा. शाही दसऱ्याला दसरा चौकात चालत गेलो. पालख्या, छत्रपतींची मेबॅक मोटार, सूर्य मावळताना शमीपूजन आणि मग सोनं लुटायची झुंबड. मधे घुसलं की मुलांना माणसांच्या पाठींशिवाय काही दिसत नाही हे आम्हाला माहीत होतं, म्हणून दुपारी चारलाच जाऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर सासूबाईंना बसवलं आणि त्यांच्याभोवती आम्ही उभे राहिलो. धाकट्याला मोटार आवडली, बाकी कशात त्याला रस नव्हता. फुगा, दोन कुल्फ्या आणि भडंग मिळून ११० रुपये.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटवलं. त्याचे १३० रुपये नवऱ्याने वहीत लिहायला लावले. माझं म्हणणं, दूध घरात येतंच. त्याचं म्हणणं, दोन लिटर जास्तीचं आलं. लिहिलं.

पन्हाळ्याला एका रविवारी गेलो आणि तिथे आमची पहिली चूक झाली. पाऊस संपला म्हणजे हवा छान असणार असं गृहीत धरून सावकाश साडेदहाला निघालो. ऑक्टोबर हिट हा शब्द आपण उगाच वापरत नाही. पन्हाळा वीस किलोमीटरवर, उंची हजार मीटरला थोडीशी कमी, पण दुपारी बाराला दगडी तटावर उभं राहिलं की ती उंची काही कामाची नाही. अंबरखान्याची धान्य कोठारं आतून गार लागतात, तिथे मुलं अर्धा तास रेंगाळली. भिंतीची जाडी हातांनी मोजत होती. अंधारबावी या विहिरीच्या पायऱ्या सासूबाईंना जमणार नव्हत्या. त्या तबक उद्यानात झाडाखाली बसल्या, आणि मी त्यांच्याजवळ. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० च्या पावसाळ्यातली ती रात्र, शिवा काशीद, सगळं सासूबाईंनी, मुलं परत आल्यावर, त्यांना तिथेच बसून सांगितलं. सज्जा कोठीपर्यंत जायचं त्राण त्यानंतर कुणातच नव्हतं. तिकीट आम्हाला गडावर कुठेच लागलं नाही. एसटीचे १६०, चहा आणि भाजलेल्या कणसांचे १२०.

यातून वेळापत्रक बदललं. पुढे प्रत्येक वेळी सकाळी सातच्या आत घर सोडायचं किंवा चारच्या नंतर. भर दुपारी कुठेतरी सावलीत डबा उघडायचा.

गुऱ्हाळ

दिवाळीच्या चार दिवसांत फिरणं म्हणजे पेठेतले किल्ले बघत हिंडणं. संध्याकाळी बोळाबोळांतून चालायचं, कुणी अळीव पेरून हिरवळ उगवलीय, कुणी प्रतापगडाच्या शेजारी प्लॅस्टिकची जेसीबी उभी केलीय. एक पैसा नाही. त्याच दिवसांत नणंदेच्या सासरहून निरोप आला, गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलंय, या.

गुऱ्हाळ बघायला कोल्हापूरकराने मुद्दाम जावं हे माझ्या आईला ऐकून हसू आलं असतं. तिच्या लहानपणी ते रस्त्यालाच असायचं. आता गुऱ्हाळं कमी होत चाललीत. ऊस साखर कारखान्याला जातो, गुऱ्हाळावर काम करणारी माणसं मिळत नाहीत. आमच्या थोरलीने गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय हे पुस्तकात वाचलं होतं, पण गूळ होतो कसा हे पाहिलेलं नव्हतं.

करवीर तालुक्यातलंच गाव, येण्या-जाण्याचे ८० रुपये. आम्ही पोचलो तेव्हा काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस उकळायला लागला होता. वर हिरवट करडी मळी येत होती आणि एक जण लांब दांड्याच्या झाऱ्याने ती काढून बाजूला टाकत होता. दुसऱ्या पिंपात जंगली भेंडीची रोपं ठेचून भिजवली होती. तो बुळबुळीत रस काहिलीत गेला की उरलेली घाण गोळा होऊन वर येते. खाली चुलवाणात एक बाई चिपाडं ढकलत होत्या, त्याच उसाची, रस काढून वाळवलेली. थोरलीला हे फार पटलं. उसाला उसानेच शिजवायचं.

काहिलीपासून मुलांना दहा फूट लांब ठेवायचं हे नणंदेच्या सासऱ्यांनी पहिल्यांदा बजावलं. उकळता रस अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटतो. त्यांनी जमिनीवर पायाने रेघ ओढली. धाकटा तासभर त्या रेघेवर अंगठे टेकवून उभा होता, एकदाही ओलांडली नाही. पार्कात त्याला एवढा वेळ एका जागी कुणी उभं केलं असतं तर मी पैज हरले असते.

दोन-अडीच तासांनी रंग बदलत गेला. गुळव्याने थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी केली, परत टाकला, परत बघितलं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. आधीच्या टप्प्यावर पातेलीभर काकवी बाजूला काढून ठेवली होती, ती आम्हाला मिळाली. मग एकदम आरडाओरडा, काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या उथळ हौदात, ओतली, आणि फावड्यासारख्या लाकडी खुरप्यांनी घोटणं सुरू झालं. गरम गुळाचा गोळा शेंगदाण्यांबरोबर हातावर पडला. सासूबाईंना साखर आहे. त्यांनी नखाएवढा घेतला आणि आमच्याकडे पाठ करून खाल्ला.

रसाचे, काकवीचे पैसे कुणी घेत नाही. तिथे पैसे काढणंच बरं दिसत नाही. रीत अशी की निघताना गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, विकत घ्यायचा. आम्ही पाच किलोचा घेतला, ३०० रुपये. हा खर्च फिरण्याचा की किराण्याचा यावर घरात अजून एकमत नाही. नवऱ्याने या वेळी उलटी बाजू घेतली, गूळ लागतोच. मी तो वहीत कंसात लिहिलाय.

खिद्रापूर: जायचं ठरलं, पण कधी

या सगळ्या प्रकरणात खरा निर्णय इथेच घ्यावा लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. देवळासमोर स्वर्गमंडप आहे. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छताला तेरा फूट व्यासाचं गोल मोकळं तोंड, बरोबर त्याच्याखाली तेवढीच गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्या तोंडाच्या वर येतो आणि चांदणं शिळेवर पडतं. ते बघायला मोठी गर्दी होते.

थोरलीने विचारलं, त्रिपुरीलाच का? मी कागदावर काढून दाखवलं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण सोळा अंश गेलेला असतो, म्हणजे चंद्र तितकाच उत्तरेला. आणि खिद्रापूर उत्तर अक्षांश सोळा-सतराच्या मधे. मग मध्यरात्री तो डोक्यावर येणारच. उन्हाळ्यातल्या पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेला कललेला राहतो, त्याचा उजेड खाली तिरका पडेल. चंद्राची कक्षा पाच अंशांनी तिरकी आहे, म्हणून दरवर्षी थोडा फरक पडतो. ती म्हणाली, मग फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही सूर्य तिथेच असतो, तेव्हाच्या पौर्णिमेलाही व्हायला हवं. हिशेबाने व्हायला हवं खरं. शिकवणीतल्या कुठल्याच मुलाने मला असा प्रश्न विचारलेला नाही.

तर मोह मोठा होता, पण मध्यरात्री तिथून परत यायला एसटी नाही. गाडीवाल्याने रात्रीचे २,६०० सांगितले. म्हणजे सगळ्या सहा आठवड्यांच्या पानापेक्षा जास्त. शिवाय शहात्तर वर्षांचं माणूस आणि चार वर्षांचं पोर नोव्हेंबरच्या थंडीत नदीकाठी मध्यरात्रीपर्यंत. आणि त्याच दिवशी पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव, तो तर घरापासून चालत.

नवऱ्याचं मत पडलं, एकदा होऊ दे खर्च. सासूबाई गप्प होत्या. मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. चांदणं बघायचं तर ते त्या एकाच रात्री. देऊळ बघायचं तर कुठल्याही दिवशी, आणि गर्दीच्या रात्री कोरीवकाम दिसणारही नाही. आम्ही देऊळ निवडलं. २ नोव्हेंबर, रविवार, दिवसाउजेडी. त्रिपुरीची पहाट घाटासाठी ठेवली.

वाटेत नृसिंहवाडीला उतरलो, दर्शन घेतलं. इथे पंचगंगा कृष्णेला मिळते. धाकट्याला सांगितलं, आपल्या घाटावरचं पाणी इथपर्यंत येतं आणि पुढे आपल्याबरोबर खिद्रापूरला. त्याने ते शब्दशः घेतलं आणि दिवसभर पाण्यावर नजर ठेवली. पेढे आणि कवठाची बर्फी, १८० रुपये. वाडीला जाऊन बर्फी न घेणं आमच्याकडे चालत नाही.

खिद्रापूरला अकराच्या सुमारास पोचलो. मधूनमधून ढग होते. ऊन पडलं की मंडपाच्या जमिनीवर उजेडाचा गोल दिसायचा, ढग आला की पुसला जायचा. शिळेच्या बाजूला, जरा तिरका, कारण सूर्य दक्षिणेला होता आणि चंद्र तिथे नसतो. थोरलीने कागदावरचं गणित जमिनीवर पाहिलं. त्या गोलाची कड सरकताना दिसते, नुसतं बसून राहायला हवं. आम्ही डबा तिथून जरा दूर, देवळाबाहेर खाल्ला आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी जाऊन गोल कुठे पोचला ते बघून येत होतं. धाकटा बाहेरच्या भिंतीवरचे हत्ती मोजत होता. बेचाळीसला अडकायचा, कारण बेचाळीसच्या पुढचा आकडा त्याला येत नाही. सासूबाईंना आश्चर्य वाटलं ते नंदी नसल्याचं. महादेव आहे आणि समोर नंदी नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, सतीला माहेरी सोडायला गेलाय. सासूबाईंनी मान डोलावली, जणू शेजारच्या घरची बातमी.

मग दुसरी चूक. त्या गोलाच्या नादात परतीची एसटी गेली. वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या खासगी, जीपने पुढच्या फाट्यापर्यंत आलो. वडापला ना आज्जी मोफत, ना बायकांना अर्धं. चार सीटचे प्रत्येकी ३० प्रमाणे १२०, धाकटा मांडीवर. तेवढंच अंतर एसटीने आम्हाला पन्नासच्या आसपास पडलं असतं. त्या दिवशीचे एसटीचे एकूण ३५०, चहा ५०. आता मी जाताना कंडक्टरलाच शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा विचारून हातावर लिहून घेते. फोनवर लिहिलेलं तिथे बघायचं राहून जातं.

पहाट आणि संध्याकाळ

५ नोव्हेंबरला त्रिपुरी. पहाटे साडेतीनला उठून घाटावर. हजारो पणत्या, पायऱ्यापायऱ्यांवर रांगोळ्या, धुक्यात दीपमाळा. आम्ही आमच्या पंचवीस पणत्या नेल्या होत्या, एका कोपऱ्यात रांगेत लावल्या. पणत्या, तेल आणि वरचा चहा मिळून ९०. धाकट्याने पाण्याला सांगितलं की वाडीला जाऊन सांग, आम्ही परत येणार. उजाडायच्या आत घरी येऊन सगळे झोपले.

वहीतली बेरीज १,३९०. कंसातला गूळ धरला तर १,६९०. पार्काच्या एका दिवसापेक्षा बरंच कमी, आणि सासूबाईंनी एकदाही कुणाच्या चपला राखल्या नाहीत. पुढच्या वर्षी बदलायचं ते एवढंच: पन्हाळा ऑक्टोबरातून उचलून डिसेंबरात टाकायचा, आणि खिद्रापूरच्या चांदण्यासाठी नणंदेचं घर आणि आमचं घर मिळून एक मोठी गाडी करायची, म्हणजे माणशी खर्च कमी होतो. सासूबाई तेव्हा सत्त्याहत्तरच्या असतील. त्यांनी आताच सांगून ठेवलंय की मला शाल दोन लागतील.

पानावरची शेवटची तारीख ९ नोव्हेंबर होती, किरणोत्सवाचा पहिला दिवस. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. नोव्हेंबरात ९, १०, ११ या तीन दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग, धूळ, मधल्या इमारती असं काहीही आडवं आलं की किरणं आधीच थांबतात. हेच पुन्हा जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला होतं, आणि का होतं हे आता थोरलीला सांगावं लागलं नाही.

साडेपाचला पोचलो तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. आई आत आहे, ती काही कुठे जात नाही." आम्ही महाद्वाराबाहेर थांबलो. सगळे देवळाकडे तोंड करून उभे, आणि आमची थोरली एकटी देवळाकडे पाठ करून सूर्य कुठल्या इमारतीमागे जातो ते बघत रस्त्याच्या मधोमध. मागून एक स्वयंसेवक ओरडला, "ए बाळ, बाजूला हो, किरणं अडतात!"